बाल्कांवात बसून जेवताना

वाट आणि ताट : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

सुट्टी लागली की गाडीप्रवासाबद्दलची पत्रं येतातच. यंदा त्यांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती आहेत. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत आणि घाट चढून पलीकडेही, हायवेच्या कडेला 'थीम' हॉटेलं उभी राहिली आहेत. कुठे जुनं घर, कुठे जहाज, कुठे आगगाडीचा डबा. बाणस्तारीच्या बाजाराजवळ आमची खाणावळ होती. रस्त्यावरून आलेल्या माणसाला वाढण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. ते पत्रच तसं आहे.

प्रश्न : ताई, आम्ही फोंड्याला असतो. नणंद पुण्याला, त्यामुळे गाडीने जाणं-येणं होतं. मागच्या खेपेला परतताना, गोव्यात शिरल्यावर एका नव्या हॉटेलात थांबलो. जुन्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरासारखं बांधलंय. पुढे बाल्कांव (दारापुढची बांधीव बैठक), शिंपल्यांच्या खिडक्या, अंगणात होडी, पोदेराची (पाववाल्याची) सायकल, फायबरचे बैल. वाढणाऱ्या मुली कुणबी लुगडं नेसलेल्या, मुलगे काष्टी लावून, खांद्यावर कांबळ. आमची मुलं हरखून गेली. पण सासरे (वय ७८) बाल्कांवात बसायला तयार होईनात. आत टेबल मिळालं तरी जेवले नाहीत, गाडीजवळ उभं राहून नुसता चहा घेतला. रात्री घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तसल्याच पायरीखाली उभा राहून माझा बाप बोलायचा." यजमान म्हणतात, बाबा जुनं उगाळतात, तो धंदा आहे, त्यात काय एवढं. मुलांना पुन्हा तिथेच जायचंय. आणि हो, एवढ्या गोंयकार घरात शीत-कडी (भात आणि सोलांची कडी) मागितली तर ती नव्हती. पनीर टिक्का होता, नूडल्स होत्या. पुढच्या वेळी थांबावं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : वहिनी, तुमचे सासरे जुनं उगाळत नाहीत. त्यांना तिथे जे दिसलं ते तुमच्या यजमानांना दिसलं नाही, कारण तशी वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. ती येऊ नये म्हणूनच आधीच्या पिढीने खस्ता खाल्ल्या. भाटकाराच्या जमिनीत ज्यांची खोपटी होती ते मुंडकार. भिंती आपण लिंपलेल्या, शेण आपण सारवलेलं, पण उद्या 'निघ' म्हटलं की बिऱ्हाड उचलायचं. नारळ पाडायला, भात कापायला, त्यांच्या घरी कार्य असलं की राबायला हाक आली की जायचं. बाल्कांवात भाटकाराचे पै-पाहुणे बसत, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा होत. मुंडकार आला तर तो पायरीखाली उभा राहायचा आणि बोलणं झालं की तिथूनच परत फिरायचा. सगळे भाटकार वाईट होते असं मी म्हणणार नाही, अडीनडीला धावून येणारेही होते. पण बसायचं कोणी आणि उभं राहायचं कोणी हे ठरलेलं होतं.

गोव्याची मुक्ती १९६१ साली आली तेव्हा तुमचे सासरे शाळकरी वयाचे असतील. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ मध्ये कूळ कायदा केला. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला आणि राहतं घर व त्याखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. मामलेदाराच्या कचेरीत असे खटले आजही चालू आहेत. आपल्या नावावर आपलं घर लागणं म्हणजे काय, हे ज्याने बापाला पायरीखाली उभं असलेलं पाहिलंय त्याला विचारावं. अशा माणसाला आपण हसत हसत सांगतो, "बाबा, बसा की बाल्कांवात, फोटो काढू." त्यांचे पाय तिकडे वळले नाहीत यात मला नवल वाटत नाही.

आता हॉटेलाकडे येते. बाल्कांव ही गोव्यातल्या घरांची फार सुंदर गोष्ट आहे, यात वाद नाही. रस्त्याकडे तोंड, दोन्ही अंगांना बांधीव बसण्या, वर छोटं छप्पर. घर जणू रस्त्याशी बोलतंय. शिंपल्यांच्या खिडकीतून येणारा उजेड डोळ्यांना जो गारवा देतो तो काचेतून येत नाही. ही घरं पडत चालली आहेत. कोणी हौसेने तसं बांधत असेल, मुलांना रगडा (वाटणाचा दगड) आणि वांयण (कांडायची उखळ) कशी दिसते ते दाखवत असेल, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की घर दाखवायचं असेल तर त्या घरात राबलेली माणसंही दाखवा, आणि मानाने दाखवा. कुणबी लुगडं म्हणजे चिखलात लावणी करताना गुडघ्यापर्यंत घट्ट नेसायचं, खांद्यावर गाठ मारायचं वस्त्र. मी अशा ठिकाणी गेले की वाढणाऱ्या मुलीला विचारते, "बाय, हे नेसायला तुला कोणी शिकवलं?" एखादी म्हणते, माझ्या आजीने. मग तिचा चेहरा खुलतो आणि पाच मिनिटं ती बोलत राहते. एखादी दूरच्या राज्यातून पोटासाठी आलेली असते. तिला कापड हातात दिलेलं असतं, कोणाचं आणि कशाचं ते सांगितलेलं नसतं. तिचा यात काही दोष नाही. मालकाने एक संध्याकाळ बसून तिला समजावलं असतं तर तिलाही त्या लुगड्याचा अभिमान वाटला असता आणि तुमच्या मुलांनाही काही कळलं असतं.

आणि ताट. इथे मला खरा राग येतो. अशा ठिकाणी पोदेराची सायकल मांडलेली असते आणि टेबलावर कारखान्याचा स्लाइस ब्रेड! शेजारच्या गावात पोदेर अजून पहाटे भट्टी पेटवतो, पोई, उंडे, कांकणं असे पाव घेऊन दारोदार फिरतो. त्याच्याकडून रोज शंभर पोई घेतल्या तर त्याचं घर चालेल आणि हॉटेलाची थीम खरी होईल. जिथे शंभर-दीडशे पदार्थांची यादी असते तिथे मी सावध होते. एवढे पदार्थ रोज ताजे करणं कुठल्याच स्वयंपाकघराला जमत नाही. मागे तीन-चार ग्रेव्ह्या तयार असतात, फ्रीजर असतो, वरून तडका बदलतो. त्याने पोट भरतं, पण मग घर कशाला बांधायचं?

तुमच्या सासऱ्यांच्या लहानपणी त्या अंगणाच्या कडेला राहणाऱ्या माणसांचं जेवण काय होतं? सकाळी उशिरा उकड्या तांदळाची पेज, बरोबर कैरीचं लोणचं नाहीतर सुकं गालमो (जवळा) घालून किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर. दुपारी शीत आणि हुमण (मासळीची आमटी), हुमणात बांगडा असला तर तिरफळं. मासळी नसेल त्या दिवशी आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्सा. शेवटी भिरंडीच्या (कोकमाच्या) सोलांची कडी. पावसाळ्यासाठी मे महिन्यातच पुरुमेंत करून ठेवायचं: सुकी मासळी, मिरची, चिंच, सोलं, मीठ, कांद्यांच्या माळा. आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरांना समुद्रबंदी असते. त्या ६१ दिवसांत जुन्या गोव्याची थीम लावलेल्या हॉटेलात रोज भली मोठी सुरमई मिळत असेल तर ती बाहेरून तरी आलेली असते किंवा बर्फातली तरी. जून महिन्यात जो मला किसमूर, सुक्या बांगड्याची चटणी आणि पेज वाढेल, त्याचं घर पत्र्याचं असलं तरी मी म्हणेन की याला गोवा कळला.

हे होऊ शकत नाही असं नाही. अहमदाबादला 'विशाला' १९७८ पासून खेड्याच्या धर्तीवर चाललं आहे. कंदिलाच्या उजेडात, जमिनीवर बसून, पत्रावळीवर गुजराती जेवण. त्या गृहस्थांनी, सुरेंद्र पटेलांनी, आवारातच जुन्या भांड्यांचं संग्रहालय उभं केलं. मोडीत जाणारे हंडे-कळशा, घडे, अडकित्ते जमवून ते नीट मांडले. जेवून उठलेला माणूस तिथे जातो आणि ही भांडी कोणी घडवली, कोणी वापरली ते समजून घेतो. आपल्याकडे बाणावलीचं 'गोवा चित्र' संग्रहालय आहे. नांगर, घाणे, मापं, भांडी, शेतीची आणि कारागिरांची हजारो अवजारं तिथे मांडली आहेत. वहिनी, एका रविवारी मुलांना आणि सासऱ्यांना घेऊन तिथे जा. त्यांना पुढे चालू द्या. यातल्या कितीतरी वस्तू त्यांच्या हाताखालून गेलेल्या असतील आणि तिथे सांगणारे ते असतील, ऐकणारे आपण.

आता तुमचा सरळ प्रश्न, थांबावं का. थांबा, पण आधी यजमानांना आणि मुलांना वरची गोष्ट सांगा. शक्य असेल तर सासऱ्यांनीच सांगावी. मग विचारा त्यांना, "बाबा, थांबायचं?" ते नको म्हणाले तर पुढे चला, मुलं समजून घेतील. हो म्हणाले तर ते निवडतील तिथे बसा. कदाचित ते अंगणातली जागा सांगतील आणि कदाचित या खेपेला बाल्कांवातच बसतील. तेही मी पाहिलं आहे. आमच्या भागातले एक म्हातारे गृहस्थ अशाच एका जुन्या घरात, जे आता हॉटेल झालं आहे, मुद्दाम नातवाला घेऊन जातात, बाल्कांवात ऐसपैस बसतात आणि स्वतः बिल देतात. दोन्ही वागणी मला सारखीच योग्य वाटतात. मालक भेटला तर त्याला शांतपणे सांगा की शीत-कडी हवी होती. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून ठेवत नाही, असं हे लोक सांगतात. तर मग आपण मागू या.

प्रश्न : ताई, एका थीम हॉटेलात बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर माणशी 'एक्स्पीरियन्स फी' लावली होती. द्यायलाच हवी का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : सर्व्हिस चार्ज द्यायलाच हवा असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की हॉटेलांनी तो आपणहून बिलात जोडायचा नाही, दुसरं नाव देऊनही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये ते मान्य केलं. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जीएसटी मात्र वेगळा, तो साध्या रेस्टॉरंटात पाच टक्के असतो आणि तो द्यावाच लागतो. 'एक्स्पीरियन्स फी' प्रवेशाचं तिकीट म्हणून दारात मोठ्या अक्षरांत लिहिलेली असेल, तर ती किंमत आहे. पटली तर आत जा. जेवण झाल्यावर बिलात पहिल्यांदा दिसली तर ते चुकीचं आहे आणि तसं बोलून दाखवायला संकोचू नका. बिल घेऊन येणाऱ्या पोरावर मात्र आवाज चढवू नका, मॅनेजरला बोलवा. आणि वाढणाऱ्याला काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

प्रश्न : आमचे हे मडगावहून निघाले की पुण्यापर्यंत फक्त पेट्रोलला थांबतात. मुलांना कुठेतरी मजेशीर ठिकाणी थांबायचं असतं. ते म्हणतात, तिथे तास मोडतो. थीम हॉटेलात थांबण्यात वेळ जातो हे खरंच आहे. त्यांना कसं समजावू? शिवाय धाकटीला घाटात उलट्या होतात.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तास मोडतो हे त्यांचं खरं आहे, म्हणून तो तास कुठे मोडायचा ते आधी ठरवा. गोवा ते पुणे साधारण साडेचारशे किलोमीटर आणि मध्ये एक घाट चुकत नाही. चोर्ला घ्या, अनमोड घ्या, आंबोली घ्या. चालवणाऱ्याने दर दोन तासांनी खाली उतरलंच पाहिजे. त्यासाठी सजावट लागत नाही. चहाची टपरी, स्वच्छ संडास आणि दहा पावलं चालायला जागा एवढं पुरे. मोठा थांबा एकच ठेवा आणि तो घाट मागे पडल्यावर. चोर्ल्याने गेलात तर कणकुंबी-जांबोटी ओलांडल्यानंतर, आंबोलीने गेलात तर आजरा-गडहिंग्लजकडे. भरल्या पोटाने वळणं घेणं चालवणाऱ्यालाही वाईट आणि धाकटीलाही.

धाकटीला निघताना दूध देऊ नका, तळलेलं देऊ नका. कोरडी पोई, भाकरीचा तुकडा, आल्याचा रस मधातून. मोबाइल हातात नको, नजर लांब रस्त्यावर, काच थोडी खाली. आंबोलीत पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा समोरचा दिवा दिसत नाही, त्या दिवसांत घाटाआधीच थांबून वाट पाहावी लागली तरी चालेल, पण घाई नको.

दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते सहा या वेळांत शरीर झोप मागतं, कितीही सवय असली तरी. तुमच्या यजमानांना हे माझ्या नावाने सांगा. आमच्या खाणावळीत खनिजाचे ट्रक चालवणारे जेवायला यायचे. त्यांतले जे जाणते होते ते दुपारी शीत अर्धंच घ्यायचे आणि ट्रकच्या सावलीत पंधरा-वीस मिनिटं पडायचे. कॉफीचा परिणाम व्हायला जवळजवळ अर्धा तास लागतो, म्हणून कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटले तर उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. इथेच ते थीम हॉटेल कामाला येतं. मुलं आतली होडी आणि बैल बघत फिरतील, तुम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवा, आणि यजमानांना गाडीची सीट मागे करून झोपू द्या. तो तास मोडला असं मग ते म्हणणार नाहीत. निवडताना आधी पार्किंगला सावली आहे का बघा आणि संडास बघा. खरं सांगते, संडास जसा असेल तसंच मागचं स्वयंपाकघर असतं.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. आम्ही रेल्वेच्या डब्यासारख्या हॉटेलात जेवलो. तो डबा खरा असतो का? बाबा म्हणतात पत्र्याचा केलाय.
– वास्को

उत्तर : बाळा, दोन्ही प्रकार असतात. रेल्वेचे खरे डबेही हॉटेल झाले आहेत. मुंबईच्या सीएसएमटी स्थानकाच्या आवारात ऑक्टोबर २०२१ मध्ये जुन्या डब्यात रेस्टॉरंट सुरू झालं. आपले जुने निळे डबे चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात १९५५ पासून बनू लागले. असा डबा साधारण २५ वर्षं प्रवाशांना घेऊन धावतो, मग निवृत्त होतो. खरा डबा ओळखायचा असेल तर खाली वाकून बघ. चाकं रुळांवर आहेत का? दोन डबे जोडणारा जाड लोखंडी आकडा आहे का? डब्यावर रंगवलेला क्रमांक आहे का? आणि तू वास्कोचा आहेस, म्हणजे तुझ्या गावाजवळूनच, मुरगाव बंदरापासून, घाट चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे १८८०च्या दशकात पोर्तुगीज काळात बांधली गेली हे तुला माहीत हवं. दूधसागरजवळून ती आजही जाते. बाबांना सांग, एकदा कुळ्यापर्यंत खऱ्या गाडीने नेऊन आणा. घरून चपाती-भाजीचा डबा घेऊन जा आणि चालत्या गाडीत खा.

प्रश्न : आमची हायवेला लागून थोडी जमीन आहे, पेडणे तालुक्यात. मोपा विमानतळ झाल्यापासून वाहतूक वाढली. मित्र म्हणतात, विमानाच्या आकाराचं रेस्टॉरंट काढ, लोक फोटोसाठी थांबतील. मला स्वतःला काही आपल्या मातीतलं करावंसं वाटतं. माझे आजोबा दशावतारात संकासुर करायचे. पण दशावताराची थीम चालेल का, भीती वाटते. भांडवल फार नाही.
– एक तरुण वाचक, पेडणे

उत्तर : तुझं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. विमानाबद्दल आधी सांगते. विमानातून उतरलेला किंवा विमान पकडायला निघालेला माणूस पुन्हा अरुंद, बंद, खिडकी न उघडणाऱ्या जागेत का बसेल? त्याला पाय पसरायचे असतात, वारा हवा असतो. मुलं एकदा येतील, फोटो काढतील. तुझा दिवस मात्र भरायचा तो रोजच्या गिऱ्हाइकावर: टॅक्सीवाले, विमानतळावर पाळीला जाणारी मुलं-मुली, सावंतवाडी-बांद्याकडून येणारे. त्यांना पहाटे गरम पाव-भाजी आणि दुपारी साधी राइस प्लेट पाहिजे. ते नीट केलंस तर निम्मं हॉटेल उभं राहिलं.

आता दशावतार. कृपा करून संकासुराचा पुतळा करून दारात उभा करू नकोस. संकासुर उभा राहतो तो बोलण्यातून. काळा वेश, मालवणी बोली, समोरच्याला चिमटे काढत केलेले संवाद, आणि तेही न लिहिलेले, उभ्या उभ्या सुचलेले. पुतळ्यात यातलं काही उतरत नाही. तुझ्याकडे जे आहे ते इतरांकडे नाही, ते म्हणजे आजोबा. ते हयात असतील तर त्यांच्याजवळ बस, नसतील तर त्यांच्या बरोबरीच्यांकडे जा, आणि विचार: नाटकाआधी यजमानाच्या घरी काय जेवायचात? रात्रभर उभं राहायचं तर पोट जड चालत नसणार. मध्यरात्री चहाबरोबर काय? पहाटे दहीकाला झाल्यावर काय? मेकअप स्वतःचा स्वतः करताना कंदील कुठे ठेवायचात? ही उत्तरं म्हणजे तुझा मेन्यू आणि तुझी भिंत. फोटो लावशील तर त्याखाली गाव, जत्रा आणि वेश लिही, आणि ज्याचा फोटो आहे त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी घे.

जत्रेची फेरी, म्हणजे तिथला बाजार, हीच तुझी थीम होऊ शकते असं मला वाटतं. देवळाबाहेर खाज्यांचे ढीग, कडक लाडू, चणे, कढईतली मिरचीभजी, चहाचं आधण. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हरमलच्या मिरचीलाही, आणि हरमल तुझ्याच तालुक्यात. खाजे करणाऱ्या कुटुंबांना जत्रांच्या हंगामाबाहेर काम कमी असतं. त्यांच्याकडून वर्षभर माल घे, दर पाडू नकोस, त्यांचं नाव पुडीवर छाप. पुण्या-मुंबईकडे परतणारा माणूस घरी न्यायला काहीतरी शोधतच असतो. त्याला तुझ्याकडे ताजं, आल्याच्या झणझणीचं खाजं मिळू दे. रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवणार असशील तर महिन्यातून एकदा पायपेटी आणि पखवाज घेऊन कलाकारांना बोलाव, पण जेवणाऱ्यांच्या मागे पार्श्वसंगीत म्हणून नको. अर्धा तास वाढणं थांबव आणि लोकांना त्यांच्याकडे तोंड करून बसू दे. त्यांची बिदागी आधी ठरव, त्याच रात्री दे. टाळ्या वाजवून पाठवलेले कलाकार मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांच्या घरच्या अडचणीही जवळून पाहिल्या आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. जमीन शेतीची किंवा बागायतीची असेल तर बांधकामाआधी सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी) लागते. नगरनियोजन खात्यात तुझ्या सर्व्हे नंबरचा झोन तपासून घे, मगच पैसे घाल. राष्ट्रीय महामार्गावर थेट वाट काढायला महामार्ग विभागाची परवानगी लागते, ती न घेता वाट काढलीस तर उद्या रुंदीकरणात बंद होईल. पंचायतीचा परवाना, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, आरोग्य खात्याचा आणि अग्निशमनचा दाखला. दारू ठेवायचा विचार असेल तर अबकारी खात्यात आधी विचार. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गाच्या ५०० मीटरांच्या आत दारूविक्रीला बंदी घातली आणि पुढे त्यात काही सवलती दिल्या. तुझ्या जागेला काय लागू होतं ते लेखी घे. माझं मन विचारशील तर ठेवू नकोस. गाडी चालवणारा माणूस तुझं गिऱ्हाईक आहे.

भांडवल कमी आहे ना, मग ते या क्रमाने घाल: पाणी, संडास, सावलीचं पार्किंग, चूल, मग माणसं. सजावट सर्वांत शेवटी, आणि तीही हळूहळू, गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकत. बायकांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा, उजेडाचा संडास आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा, एवढं कर. हायवेवरच्या कितीतरी बायका तेवढ्यासाठी तुझ्याकडेच गाडी थांबवायला सांगतील. उघडल्यावर मला कळव, मी खाजे घ्यायला येईन.

प्रश्न : आम्ही सोमवार पाळतो. वाटेतल्या गोंयकार थीमच्या हॉटेलात नुसती मासळीच असते. काय मागावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत सोमवारी मासळी नसते, त्यामुळे शिवराक (शाकाहारी) जेवण इथे परकं नाही, फक्त मागायला हवं. मुगागाठी, खतखतें, आळसांद्यांचं तोणाक, नीरफणसाच्या कापा, सोलांची कडी यांतलं काय आहे ते विचारा. दिवसाच्या थाळीत यातलं एक तरी निघतं. सकाळी गेलात तर पातळ भाजी, सुकी भाजी आणि पोई सगळीकडे मिळते. कापा मात्र मासळीच्याच तव्यावर तळत नाहीत ना, हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.